गोमलीला कुठं दिलं?

मनकर्णा डोंगरकडा गावाच्या पलीकडच्या माळावरच्या एका वाडीची. माहेर कयाधू नदीकाठचं, काळ्याभोर रानाचं. सासर मात्र खडकाळ. सासऱ्यानं भावाभावांच्या वाटण्या केल्या तेव्हा बाकीच्या सुना पदराआड गप्प उभ्या होत्या. ही सगळ्यांत धाकटी. तीच म्हणाली, "मामंजी, दगडाकडची पट्टी आमालाच काहून?" सासऱ्यानं उत्तर दिलं नाही, पट्टीही बदलली नाही, पण वाडीत तिचं नाव पडलं ते पडलंच. बाया विहिरीवर तिला ‘इचारनारी’ म्हणत.

नवरा सोनाजी स्वभावानं मवाळ होता. बायकोच्या बोलण्यावर तो नुसता हसायचा. त्यांची एकुलती लेक गोवरानं गेली आणि त्यानंतर दोन पावसाळ्यांनी पटकीची साथ आली, त्यात सोनाजी गेला. मनकर्णा तेव्हा ऐन पंचविशीतली असेल. भाऊ न्यायला आला, पण भावजयीचं तोंड बघून ती आठ दिवसांत परत सासरी आली. दिरांनी तिला रानाच्या कडेचं खोपट दिलं. तिथं ती, एक शेळी आणि ती दगडाकडची पट्टी. दिवसभर लोकांच्या रानात निंदायला, वेचायला जायचं आणि दिवस मावळला की खोपटात येऊन शेळीशी बोलायचं. शेळीला नाव ठेवलेलं नव्हतं. "ऐकलं का गं," असं म्हणून ती तिला दिवसभराची हकीकत सांगायची. अशी दहा-बारा वर्षं गेली. त्यात सांगण्यासारखं काही घडलं नाही.

घडलं ते अठ्ठेचाळीस साली, शिमगा उलटल्यावर. मोगलाईत, म्हणजे निजामाच्या राज्यात, त्या वेळी रझाकारांचा धाक होता. आज हे गाव लुटलं, उद्या ते पेटवलं, अशा बातम्या रोज यायच्या. एका सकाळी वाडीतला बाशुमिया पिंजारी घरोघर सांगत आला, "आज इथं थांबू नका. बायालेकरं घेऊन पैनगंगा ओलांडा." तो स्वतः मागं राहिला, लोकांची दावणीची जनावरं सोडून द्यायला. त्याच्यामुळं वाडी वाचली, असं लोक पुढं म्हणायचे. मनकर्णानं शेळीचा दोर सोडून तिला रानात मोकळी केली, एक गोधडी आणि तवा डोक्यावर घेतला आणि बाकीच्यांच्या मागून चालू लागली.

पैनगंगेला पाणी गुडघाभरच होतं, पण माणसं अशी लोटली होती की पाणी दिसत नव्हतं. पल्याड वऱ्हाड, तिथं गेलं की जीव वाचला. अलीकडच्या काठावर, करंजाच्या सावलीत, एक बंजारा बाई बसली होती. तिचा आरशांचा घागरा चिखलानं माखला होता, डोळे तापानं लाल होते आणि मांडीवर तीन-चार वर्षांची पोरगी होती. माणसं तिच्या बाजूनं वाहत होती. मनकर्णा मात्र थांबली.

"काहून बसलीस गं?"

बाईनं पोरगी पुढं केली. मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाली, "हिचा बाप बैलं आनाया माघारी गेला. देवला. नेमसिंग नाईकाच्या तांड्याचा. येईल तो."

मनकर्णानं पोरगी काखेत घेतली, बाईला हाताला धरलं आणि नदी पार केली.

उमरखेडच्या वाटेवर एका आमराईत छावणी पडली होती. ती ‘आधार मंडळ’ नावाच्या मंडळींनी उघडली होती. मंडळाचे मुख्य बंडोपंत. पूर्वी शाळामास्तर होते, आता पेन्शनीत होते. अंगावर खादीचा सदरा, गळ्यापर्यंत बटणं लावलेला; चालताना जरा पुढं झुकायचे. हजारभर माणसांना त्यांनी झाडाखाली जागा दिली, दोन वेळची भाकर-आमटी लावली, विहीर उपसून घेतली. माणूस रात्रंदिवस राबत होता, यात कुणाला शंका नव्हती. बायका-लेकरांचं काम कालिंदीबाई बघायच्या, त्याही मास्तरीणच, तालुक्याच्या गावाहून आलेल्या.

बंजारा बाई आमराईत दोन-चार दिवसच जगली. तिची माती झाल्यावर मनकर्णा पोरीला घेऊन कालिंदीबाईंपुढं गेली.

"बाई, ही गोमली. हिची माय गेली. पन बाप हाय. देवला नाव हाय त्याचं, नेमसिंग नाईकाच्या तांड्यावरचा. तो येनार हाय."

कालिंदीबाई तांदूळ निवडण्यावर लक्ष ठेवून होत्या. "बरं बरं," त्या म्हणाल्या. "तोवर तुझ्यापाशी ठेव."

गोमली मनकर्णापाशी राहिली. तिला मराठी येत नव्हतं, मनकर्णाला गोरमाटी येत नव्हतं. पोरगी झोपताना मनकर्णाचा पदर मुठीत धरायची आणि मूठ सोडवली की जागी व्हायची, म्हणून मनकर्णा रात्रभर एका कुशीवर राहायची. पहिले काही दिवस पोरगी ‘याडी, याडी’ करून रडली. याडी म्हणजे आई. मग एक दिवस तिनं मनकर्णाकडं बघूनच ‘याडी’ म्हटलं आणि भाकरीचा तुकडा मागितला. मनकर्णानं तुकडा दिला आणि तोंड फिरवलं. शेजारी वाडीतलीच सखुबाई आडवी झालेली होती. ती म्हणाली, "लई जीव लावू नको. दुसऱ्याचं लेकरू हाय."

"ठावं हाय मला," मनकर्णा म्हणाली.

सखुबाईपाशीही एक पोर होतं, मेलेल्या बहिणीचा मुलगा, सहा-सात वर्षांचा. नाव उद्धव. त्याला शाळेत घालायची तिची फार हौस होती.

चैत्र सरता सरता एका सकाळी मनकर्णा बायांसंगं जळणाला गेली होती. मोळी घेऊन आली तर झाडाखाली नुसती गोधडी. गोमली नाही. तिनं हाका मारल्या, विहिरीत वाकून बघितलं, स्वयंपाकाच्या चुलाण्यांमागं बघितलं. शेवटी सखुबाईनंच सांगितलं, "मोटार आली व्हती. बिनमायबापाच्या लेकरांना घेऊन गेली. आश्रमात ठेवनार म्हनं. दूध, शाळा, समदं हाय तिथं. आमचा उद्धव बी गेला. हसत गेला."

मनकर्णा तशीच कालिंदीबाईंकडं गेली.

"गोमलीला कुठं दिलं?"

"अगं, चांगल्या ठिकाणी दिलंय. इथं धुळीत तिचं काय होणार होतं?"

"पन तिचा बाप येनार हाय. मी सांगितलं व्हतं तुमाला."

कालिंदीबाईंना ते आठवलं असावं. क्षणभर त्या थांबल्या. मग म्हणाल्या, "तांड्यावरची माणसं ती. आज इथं, उद्या तिथं. इतके दिवस आला का तो?"

"कोन्या गावाला नेलं ते सांगा."

"ते पंतांना ठाऊक."

बंडोपंतांनाही ठाऊक नव्हतं. ते खोटं बोलले नाहीत, पण नीट उत्तरही देता येईना. यवतमाळकडचे एक सद्‌गृहस्थ आले होते, त्यांच्या ओळखीत दोन-तीन आश्रम होते, जिथं जागा असेल तिथं ते मुलं पोचवणार होते. ते कळवतील. "काळजी करू नका, मनकर्णाबाई. भली माणसं आहेत," पंत म्हणाले आणि पाण्याच्या टिपाडांचं काय झालं ते बघायला उठले.

मनकर्णा दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली. तिसऱ्या दिवशीही गेली. पंत दिसले की ती एकच विचारायची, "कळलं का?" पंत मान हलवायचे. पुढं पुढं ते तिला बघून दुसऱ्या वाटेनं जायला लागले.

आणि मग देवला आला.

त्याला मध्ये कुणी तरी गाठून मारहाण केली होती. एक पाय धड टेकत नव्हता. महिनाभर तो जंगलात लपून होता. काठीच्या आधारानं नदी ओलांडून, झाडाझाडाखाली विचारत तो मनकर्णापाशी पोचला. बायको गेल्याचं त्याला काठावरच कळलं होतं. तो समोर उकिडवा बसला.

"पोरगी?" त्यानं विचारलं.

मनकर्णानं जे झालं ते सांगितलं. काही लपवलं नाही. सांगताना तिला वाटलं, हा आता ओरडेल, शिव्या देईल, काठी उगारेल. तसं झालं असतं तर तिला बरं वाटलं असतं. देवलानं फक्त विचारलं, "तुमी व्हता ना इथं?"

"जळनाला गेले व्हते."

"व्हय," तो म्हणाला आणि जमिनीवर काठीनं रेघा ओढत बसला.

तिनं त्याला पंतांच्या तंबूकडं नेलं. तो दाराशी थांबला, आत आला नाही. आत ये म्हणण्याची सवय लोकांना नव्हती आणि त्यालाही नव्हती. पंत स्वतः बाहेर आले. बाप जिवंत बघून त्यांचा चेहरा उतरला. "मी चौकशी करतो," ते म्हणाले. त्यांनी माणूसही धाडला असावा, पण ते यवतमाळचे सद्‌गृहस्थ नागपूरला गेले होते, मग आजारी होते, मग कुठं होते ते कळेना. देवला छावणीच्या कडेला बाभळीखाली राहू लागला. आमराईतल्या लोकांत तो आला नाही. मनकर्णा त्याला आपल्या वाट्याच्या भाकरीतली अर्धी नेऊन द्यायची. तो ती घ्यायचा, पण तिच्याकडं बघायचा नाही.

वाडीचे उकंडराव, चार बैलांचा धनी, आमराईतही लोकांचे पुढारी होते. त्यांनी एकदा मनकर्णाला बाजूला घेतलं.

"मनकर्णे, रोज उठून पंताच्या मागं काहून लागून राहिलीस? खाल्ल्या घरचे वासे मोजू न्हाईत."

"वासे कुठं मोजून राहिले, दाजी? लेकरू इचारून राहिले."

"त्यांनी हात आखडला म्हंजे? हजार तोंडं हाईत इथं. तुझ्या एका पोरीपायी..."

"माझी न्हाई ती," मनकर्णा म्हणाली. "त्याची हाय." आणि बाभळीकडं बोट केलं.

वैशाखात मंडळाला मदत करणारे काही व्यापारी अकोल्याहून छावणी बघायला आले. आंब्याच्या पानांची तोरणं लागली, लोकांना अंघोळी करून बसायला सांगितलं. पाहुण्यांनी पावसाळ्यासाठी घोंगड्या देऊ केल्या होत्या. बायांच्या वतीनं कुणी तरी दोन शब्द बोलावेत असं ठरलं. कालिंदीबाईंनी बायांकडं बघितलं. सगळ्या खाली मान घालून बसल्या. मोठा आवाज मनकर्णाचाच होता, म्हणून बायांनी तिलाच पुढं ढकललं. कालिंदीबाईंच्या कपाळाला आठी पडली, पण पाहुणे बघत होते.

मनकर्णानं काही योजून ठेवलं नव्हतं. ती उभी राहिली. तिनं पाहुण्यांना हात जोडले.

"आमचं गाव सुटलं तवा आमाला कोनी नव्हतं. तुमी भाकर दिली, सावली दिली. देव तुमचं भलं करो." लोक माना डोलवू लागले. ती तिथंच थांबली असती तर सगळं गोड झालं असतं. तिची नजर बाभळीकडं गेली. "पन मालक, एक इचारायचं हाय. आमच्यातली लेकरं तुमी मोटारीत घालून धाडली. तवा कोनाला इचारलं न्हाई. आता कुठं हाईत म्हनलं तर कोनी सांगत न्हाई. हितं एका लेकराचा बाप बसला हाय. त्याला मी काय सांगू?"

पाहुण्यांतले एक पंतांकडं वळले, पंतांनी उपरण्यानं तोंड पुसलं. मग उकंडराव लगबगीनं उठले आणि म्हणाले, "माफी असावी. बाई तापातून उठली हाय. तिचं ध्यान ठिकान्यावर न्हाई." दोन बायांनी मनकर्णाला दंडाला धरून खाली बसवलं.

पाहुणे जेवण न करताच गेले. घोंगड्या आल्या नाहीत. त्यांना काम होतं म्हणून ते लवकर गेले की रागावून गेले, घोंगड्या वाटेत अडकल्या की दिल्याच नाहीत, हे कुणालाच कधी कळलं नाही. पण आमराईनं आपलं ठरवून टाकलं. आभाळ भरून आलं की बाया लेकरांना पोटाशी घेत आणि मनकर्णाच्या झाडाकडं बघत. जळणाला जाताना तिला कुणी हाक मारीना. ती मागून एकटी जायची, एकटी यायची. भाकरीच्या रांगेत तिच्या पुढं आणि मागं जागा सुटायची. एका सकाळी उठून बघते तर सखुबाईनं आपलं अंथरूण दुसऱ्या झाडाखाली नेलं होतं. मनकर्णानं तिला काही विचारलं नाही. इतकी वर्षं रानाच्या कडेला एकटी राहिली, पण तेव्हा तिच्या आजूबाजूला माणसं नव्हती. आता चहूकडं माणसं होती. बोलायला शेळीही नव्हती.

असे कितीतरी दिवस गेले. मग एका दुपारी बंडोपंत तिच्या झाडाखाली आले. ती उठू लागली तर त्यांनी हातानं थांबवलं आणि धुळीतच बसले.

"मी तुमच्यावर फार रागावलो होतो," ते म्हणाले. "वाटलं, घरदार सोडून इथं मरमर मरतोय आणि ही बाई चारचौघांत माझी शोभा करते. राग जाईना. रोज मनातल्या मनात तुम्हाला उत्तर देत होतो. पण उत्तर देताना शेवटी तिथंच यायचो. मुलं कुठं आहेत ते मला माहीत नाही. तो माणूस गोड बोलला, खादी घातलेला होता, मी मुलं देऊन टाकली. माझ्या शाळेतलं पोर मी असं कुणाच्या हाती दिलं नसतं. त्याच्या घरी विचारलं असतं."

मनकर्णानं आपली गोधडी त्यांच्यापुढं सरकवली.

"चला," पंत म्हणाले. "त्या देवलालाही घ्या. आपण शोधू."

बैलगाडीनं, मग मोटारीनं, मग पायी, असं ते तिघं फिरले. देवला मोटारीत पहिल्यांदाच बसला होता; खिडकीचा गज त्यानं शेवटपर्यंत सोडला नाही. पहिल्या आश्रमात तशी मुलं आलीच नव्हती. दुसऱ्या ठिकाणी छावणीतली दोन पोरं भेटली, धडधाकट होती, पण गोमली नव्हती. तिथल्या माणसानं तिसऱ्या गावाचं नाव सांगितलं. ते गाव लहान होतं, आश्रम कौलारू, अंगण सारवलेलं. मुलं मागच्या पडवीत होती; पुढं मुली ओळीनं बसून शुभंकरोति म्हणत होत्या. सगळ्यांचे केस बारीक कापलेले, सगळ्यांना एकसारखे फ्रॉक. मनकर्णाला त्यात गोमली दिसेना. देवलालाही दिसेना.

"गोमली," त्यानं हाक मारली. कुणी वळलं नाही.

व्यवस्थापक म्हणाला, "इथं तिचं नाव शांता आहे." त्यानं एका मुलीकडं बोट केलं. ती पोरगी ओठ हलवत होती, आवाज निघत नव्हता.

देवला काठी टाकून तिच्यापुढं बसला आणि आपल्या बोलीत हळूहळू काही बोलू लागला. काय बोलला ते मनकर्णाला कळलं नाही. पोरगी बघत राहिली. मग तिनं हात पुढं करून त्याच्या मिशीला लावला, जणू खरी आहे की नाही ते बघते आहे. त्यानंतर तिनं त्याचं धोतर जे मुठीत धरलं ते सोडलं नाही.

व्यवस्थापक काही वाईट माणूस नव्हता. त्याला सांगितलं होतं की ही मुलं अनाथ आहेत. तरी तो म्हणाला, "बाप कशावरून? आणि इथं ती सुखात आहे." तेव्हा पंत म्हणाले, "कशावरून हे आम्ही आधी विचारायला हवं होतं. आता पोरीलाच विचारा." व्यवस्थापकानं पोरीच्या मुठीकडं बघितलं आणि वाट सोडली.

निघताना मनकर्णानं सखुबाईच्या उद्धवची चौकशी केली. व्यवस्थापक आत जाऊन कुणाशी तरी बोलून आला. मुलगा इथंच होता. हगवण लागली. वैद्य आणला होता. ज्येष्ठाच्या सुरुवातीलाच गेला. कळवायचं कुणाला हे आश्रमाला माहीत नव्हतं.

परतीच्या वाटेवर गोमली बापाच्या मांडीवर झोपली होती. मनकर्णा समोरच्या बाकावर होती. पोरीनं एकदा डोळे उघडून तिच्याकडं बघितलं. ओळख दिसली नाही, नुसती झोप होती. छावणीच्या अलीकडं देवला उतरला. नेमसिंग नाईकाच्या तांड्यातली काही माणसं तिकडच्या जंगलात होती, तो त्यांच्यात जाणार होता. त्यानं पोरीला खांद्यावर घेतलं, मनकर्णाच्या पायाला हात लावला आणि लंगडत निघाला. खांद्यावरची पोरगी मागं बघत होती, पण ती मोटारीकडं बघत होती.

छावणीत आल्यावर कालिंदीबाई म्हणाल्या, "उद्धवचं इतक्यात कशाला सांगायचं? पावसाळा आहे, लोक खचतील." पंतांनी ऐकलं नाही. त्यांनी लोकांना गोळा केलं आणि उभं राहून सगळं सांगितलं. कोणती मुलं कुठं आहेत, कोण परत येऊ शकतं, आणि उद्धव कसा गेला. "मी न विचारता मुलं दिली. कुठं दिली तेही मी पाहिलं नाही. ही चूक माझी आहे," एवढं बोलून ते खाली बसले. मग सखुबाईचा हंबरडा ऐकू आला.

तिसऱ्या दिवशी सखुबाई मनकर्णाच्या झाडाखाली आली. डोळे सुजलेले होते. उभ्या उभ्याच म्हणाली, "तू न्हाई इचारलं असतंस तर मला कळलं नसतं. तो शाळेत जाऊन राहिला, असंच वाटलं असतं मला."

मनकर्णा उठून उभी राहिली. तोवर सखुबाई पाठ फिरवून निघालीही होती.

त्यानंतर पंतांनी नवी रीत घातली. छावणीतलं लेकरू कुठं धाडायचं तर आधी त्याच्या गावच्या माणसांना विचारायचं आणि मंडळातलं कुणी तरी ते ठिकाण बघून यायचं. आणि दर बाजाराच्या दिवशी मंडळींनी आमराईत बसायचं, ज्याला जे विचारायचं असेल ते त्यानं विचारायचं. मंडळात छावणीतली दोन माणसं घ्यायची असंही ठरलं. लोकांनी उकंडरावांना निवडलं आणि दुसरे तातेराव म्हणून एक होते त्यांना. मनकर्णाचं नाव कुणी काढलं नाही. पंतांनी काढायला तोंड उघडलं तर तिनंच मान हलवली. उकंडराव पहिल्याच बैठकीत चांगलं बोलले, घोंगड्यांचं कडक शब्दांत विचारलं. लोक म्हणाले, पुढारी असावा तर असा.

भादव्याच्या सुमाराला हिंदी फौजा मोगलाईत शिरल्या आणि चार-पाच दिवसांत सगळं उरकलं. माणसं गावाकडं निघाली. वाडीतली निम्मी घरं जळली होती. बाशुमियाचं घर उभं होतं, पण तो कुठं गेला ते कुणाला माहीत नव्हतं. जो तो आपल्या घराचं बघत होता, म्हणून की काय, त्याच्याबद्दल विचारणारी एकटी मनकर्णाच निघाली. तिला उत्तर मिळालं नाही. तिनं आपलं खोपट कापसाच्या पळाटीनं शाकारलं आणि दगडाकडच्या पट्टीत उशिरानं करडई टाकली. संध्याकाळी दारात बसली की समोरचा रस्ता दिसायचा. बाया जायच्या-यायच्या. कुणी वाईट बोलत नव्हतं. कुणी बसतही नव्हतं.

संक्रांतीच्या आधी हिंगोलीहून एक नवी मदत समिती डोंगरकड्याला आली. जळालेल्या गावांना धान्य वाटायचं होतं. पहिल्या खेपेला वाडीत ज्वारी आली ती ओली, बुरशी धरलेली. लेकरांची पोटं बिघडली. उकंडराव हिंगोलीला पाहुण्यांकडं गेले होते. संध्याकाळी चार-सहा माणसं मनकर्णाच्या दाराशी येऊन उभी राहिली. इतक्या दिवसांत तिच्या दाराशी इतकी माणसं आली नव्हती. तिनं त्यांना बसा म्हटलं. कुणी बसलं नाही.

"मनकर्णाबाई, ती ज्वारी," एक जण म्हणाला. "कोनी तरी जाऊन इचारायला पायजे."

"मंग इचारा."

"तुमाला जमतं ते."

मनकर्णानं एकेकाकडं बघितलं. "माझ्यासंगं कोन येतं?"

कुणी पायाच्या अंगठ्यानं माती उकरली, कुणाला गाय बांधायची आठवण झाली. थोड्या वेळानं दार रिकामं झालं. तिला नवल वाटलं नाही. तिनं चूल पेटवली, भाकरी केली, खाल्ली आणि पडली.

सकाळी तिनं ती बुरशीची ज्वारी ओंजळभर पदरात बांधली आणि निघाली. वाडीच्या शेवटच्या घराशी सखुबाई उभी होती. तिच्याही पदराला गाठ होती. ती मनकर्णाकडं न बघताच वाटेला लागली. डोंगरकड्यापर्यंत दोघी चालल्या, हातभर अंतर ठेवून. मध्ये ओढा लागला. सखुबाई पुढं होती, ती पार झाली आणि पल्याड उभी राहिली, मनकर्णाचे पाय दगडांवरून येईपर्यंत.

समितीच्या माणसांपुढं दोघींनी पदर सोडले. ज्वारी मेजावर पसरली.

"हे आमच्या लेकरांनी खायाचं हाय," मनकर्णा म्हणाली. "तुमी हुंगून बघा."

मेजामागच्या माणसानं ओंजळ उचलली, नाकाशी नेली आणि मान मागं घेतली. त्यानं विचारलं, "तुम्हाला कुणी पाठवलं?"

मनकर्णानं सखुबाईकडं बघितलं. सखुबाई जमिनीकडं बघत होती.

"कोनी न्हाई," मनकर्णा म्हणाली. "आमीच आलो."